बेंगलोरात माझ्या दमाची परीक्षा

बेंगलोरहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "आबा, निकाल काय लागला?" एकेकाला सांगत बसलो तर ज्वारी काढून व्हायची. वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, लिहून द्या, फळ्याशेजारी लावतो, सगळे वाचतील. माझी शाळा तिसरीपर्यंत. गुरुजी म्हणाले, भाषा मी नीट करतो. मी म्हणालो, काना-मात्रा तुमच्या ताब्यात, पण माझा शब्द हलवायचा नाही. त्यांनी कबूल केलं तेव्हा लिहायला घेतलं.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. विहिरीत पडलेली वस्तू बुडी मारून काढणं हा माझा धंदा. घागर, बादली, पाण्याच्या मोटारीच्या पायपाचा फुटवॉल, एकदा तर पाटलांची शेळी. बाकीचे काठावरून गळ फिरवत बसतात. मी स्वतः खाली जातो. पन्नास वर्षं जातोय आणि अजून कुणाची वस्तू खाली ठेवून वर आलो नाही.

दिवाळीला मुलगा दत्ता आणि सून केतकी गावी आले होते. सून पुण्याची, नोकरी बेंगलोरात. तिचं काम असं, की माणसाच्या श्वासाची रेघ मशीनमध्ये घ्यायची आणि श्वास बरा आहे का बिघडलेला, ते मशीननं आपलं आपण ओळखायचं. मी दुपारी सोप्यात आडवा झालो होतो. जागा झालो तर ही शेजारी बसलेली, नजर मनगटावरच्या घड्याळात.

"आबा, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो. मी तीनदा बघितलं."

"थांबत नाही. मी थांबवतो."

"झोपेत?"

"सवय आहे."

ती हसली नाही. रात्रीच्या जेवणाला तोच विषय निघाला. मी म्हणालो, तुझ्या मशीनला दाखवू. मशीननं खोट काढली, तर आजपासून विहिरीत उतरणं बंद. नाही काढली, तर या घरात माझ्या दमावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. दत्ता म्हणाला, आबा, शब्द देताय. मी म्हणालो, मी शब्दच देतो, चिठ्ठी देत नाही. तिनं लगेच संक्रांतीच्या आधीचं तिकीट काढलं.

मारतहळ्ळी

मिरजेतून गाडीत बसलो ते बेंगलोरला उतरलो. हवा अशी गार, की आपल्याकडं पाऊस झाल्यावर असते तशी. पोरगा राहतो त्या भागाचं नाव मारतहळ्ळी. हळ्ळी म्हणजे खेडं, पण खेड्याचं तिथं नावच राहिलंय. उंच इमारती, खाली गाड्या, आणि गळ्यात पट्टा अडकवून चाललेली तरणी पोरं. पट्ट्याला फोटो असतो. आपल्याकडं बैलाच्या गळ्यात घुंगूर असतो, तो ऐकू तरी येतो.

घर अकराव्या मजल्यावर. दारावरचा वॉचमन म्हणाला, "अज्जा, लिफ्ट इल्ली," म्हणजे लिफ्ट इथं आहे. मी त्याला कानडीतच सांगितलं, मला पाय आहेत. आमचा जत तालुका सीमेवरचा, निम्मं गाव कानडी बोलतं. पण माझं कानडी ऐकून तो हसला आणि म्हणाला, अज्जा विजापूरकडचे वाटतं. बेंगलोरचं कानडी गुळगुळीत आणि आमचं ज्वारीच्या ताटासारखं खरबरीत. सुनेला तिथं राहून सहा वर्षं झाली, शब्द आले दोन, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं. पण तेवढ्या दोन शब्दांवर ती सगळा बाजार करते.

जिन्यानं निघालो. आठव्या मजल्यावर एक खिडकी आहे, तिथं मी थांबलो. वर गेल्यावर सांगितलं, देखावा बघत होतो. खरं ते पुढं येईलच.

दुसऱ्या दिवशी खाली दुकानात कॉफी प्यालो. पितळी वाटी आणि तिच्यात उभा पेला, दोन्हींत ओतून गार करायची. आपल्याकडं बशीत ओततो, तोच प्रकार. दुकानदारानं पेला इतका उंच नेला, की मला वाटलं कॉफी माझ्या धोतरावर येणार. थेंब पडला नाही. हात बसलेला माणूस कुठंही ओळखू येतो.

बसवनगुडी

तपासणीची खोली बसवनगुडीत होती. हा शहराचा जुना भाग. मोठी झाडं, बैठी घरं, देवळं, आणि रस्त्यावर फुलांच्या पाट्या. तिथं ओवलेली फुलं हातानं मोजून विकतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप. मी फुलवालीला म्हणालो, बाई, तुझा हात आखूड आहे, माझ्या हातानं मोज. ती म्हणाली, मग अज्जा, पाटी घ्या आणि तुम्हीच बसा. सुनेनं मला ओढत पुढं नेलं.

तपासणीला सरोजाअक्का म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनी मराठीत "यावे अण्णा, बसावे" म्हटलं तेव्हा मी चमकलो.

"तुमचं गाव कुठलं?"

"हेच. आमचे लोक मराठ्यांच्या फौजेबरोबर आले, कधी ते मोजायचं सोडून दिलंय. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. स्वल्प हात वर करा, पट्टा बांधते."

दोन पट्टे बांधले, एक छातीला आणि एक पोटाला. नाकाखाली एक बारीक नळी. समोर पडद्यावर रेघा चालू झाल्या. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. सुनेनं समजावून सांगितलं. बऱ्या श्वासात छाती आणि पोट बरोबर वर येतात, एका जोखडातल्या बैलांसारखे. बैलाचं मी घातलं, ती वेगळं काही म्हणाली होती. वाटेत अडथळा असला, तर एक वर ओढतो आणि दुसरा खाली. आणि दोन्ही रेघा सपाट झाल्या, तर श्वास थांबला.

"पण मशीनला हे कळतं कसं?"

"आधी त्याला खूप माणसांच्या रेघा दाखवल्या, आबा. डॉक्टरांनी त्यांवर खुणा केलेल्या असतात. इथं बरा आहे, इथं उथळ आहे, इथं थांबलाय. बघून बघून ते शिकलं."

"कारण सांगितलं का त्याला?"

"नाही. नुसतं बघून."

"मग बरं आहे. मलाही कुणी कारण सांगितलं नव्हतं."

मला म्हणाली, आता नीट श्वास घ्या, अर्धा तास, बोलायचं नाही. मी पडून राहिलो आणि माझी कला लावली. बुडीच्या आधी आम्ही दम बांधतो. मनात चार आकडे मोजत घ्यायचा, चार मोजत सोडायचा. एकही श्वास मागंपुढं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघ बघत होतो. सुतारानं कापून काढाव्यात तशा एकसारख्या टेकड्या. मला वाटलं, या खोलीत अशी रेघ कुणी काढली नसेल.

अर्ध्या तासानं सून पडद्याकडं बघत राहिली. सरोजाअक्कांनी पदर तोंडाला लावला.

"काय म्हणतंय मशीन?"

"मशीन म्हणतंय, हा माणूस नाही."

कपाटात त्यांचा एक लहान पंप आहे. पट्टे चालतात का बघायला त्याला पट्टे गुंडाळतात, तो एकसारखा फुगतो आणि बसतो. त्या पंपाची रेघ कुणा आजाऱ्याची म्हणून धरली जाऊ नये, म्हणून मशीनला ती ओळखायला शिकवलंय. मशीननं मला त्यात टाकलं होतं.

"आबा, तुम्ही मोजून घेतलात."

"तूच म्हणालीस, नीट घ्या."

"नीट म्हणजे नेहमीसारखा."

"माझा नेहमीचा हाच."

"कुणाचाच नेहमीचा असा नसतो हो. बऱ्या माणसाचा श्वास थोडा इकडंतिकडं होतो. एक लांब, एक आखूड, मध्येच उसासा. इतकी एकसारखी रेघ आली, की आम्हाला शंका येते."

खरं सांगतो, राग आला आणि आतून बरंही वाटलं. पन्नास वर्षं पंपाचे फुटवॉल काढले, आज पंपाच्या रांगेत जाऊन बसलो. मी म्हणालो, काय असेल ते असो, मशीननं खोट काढली नाही, पैज मी जिंकली. सून म्हणाली, पैज तुमच्या श्वासाची होती, हा पंपाचा आहे. रिक्षात दोघंही दोन बाजूंना बघत घरी आलो.

पुन्हा मारतहळ्ळी

दोन दिवस सून माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. ताट वाढायची, ताटाचा आवाज व्हायचा. मीही मागायचं ते दत्ताकडं मागायचो. दत्ता म्हणाला, तुमच्या दोघांच्या मध्ये मी भाकरीतल्या पापुद्र्यासारखा झालोय.

संक्रांत आली. शेजारच्या कानडी बाई डबी घेऊन आल्या. तीळ, गुळाचे खडे, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र, वर उसाचं कांडं. देताना म्हणाल्या ते आपलंच, तीळगूळ खा आणि चांगलं बोला. फक्त आपण लाडू वळतो, ते मोकळंच ठेवतात. वळायचा त्रास वाचवलाय. सुनेनं त्यातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि समोर बसली.

"आबा, एक विचारू? तुम्हाला वाटतं मला जिंकायचंय?"

"मग काय आहे?"

"माझे बाबा दुपारी झोपायचे. असाच श्वास थांबायचा आणि मग मोठ्यानं घोरून सुरू व्हायचा. आम्ही बहिणी हसायचो, थांबला, आता गाडी सुटणार म्हणायचो. एक दिवस सुटली नाही." मग ती म्हणाली, "तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यांना ओढत नेलं असतं. म्हणून तुम्हाला ओढतेय."

मी गूळ खाल्ला. इतक्या वर्षांत तिनं बापाचं एवढं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणालो, पुन्हा एकदा येतो. मोजणार नाही. पण झोपणार नाही, जागाच राहीन. ती म्हणाली, सरी.

पुन्हा बसवनगुडी

त्या दिवशी सरोजाअक्कांनी आधी घरी जेवायला बोलावलं. घर खोलीपासून चार पावलांवर. पानात नाचणीचा उंडा आला, त्याला तिथं मुद्दे म्हणतात, आपल्या मुठीएवढा, आणि वर ओल्या शेंगांच्या दाण्यांचं पातळ कालवण. दाणे पावट्यासारखे, वास मात्र जास्त. मी उंडा तोडून चावायला लागलो तर अक्का म्हणाल्या, "चावू नये, अण्णा. कालवणात बुडवून गिळावा."

"न चावता?"

"चावलं तर टाळूला चिकटतं. बुडवायचं तर तुम्हाला येतं ना?"

गिळला. गळ्यातून अलगद गेला. एक झाला, म्हणून दुसरा घेतला. कुणी तिसऱ्याचा आग्रह केला नाही, मीच मागितला. भाकरीवर वाढलेला माणूस मी, पण पोटात असा जड आणि गार बसणारा घास पहिल्यांदा खाल्ला.

मग पट्टे बांधून पडलो. छताला पंखा होता, त्याची पाती मोजत जागा राहायचं ठरवलं. तीन पाती होती. मला वाटतं, दुसऱ्या पातीपर्यंत गेलो असेन.

डोळे उघडले तर उन्हं खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर गेली होती. अक्का म्हणाल्या, "दीड तास झाला. तीन मुद्दे खाऊन जागा राहिलेला माणूस मी अजून बघितला नाही." म्हणजे जेवायला बोलावलं तेव्हाच मी झोपणार हे बाईंनी ओळखलं होतं.

सून पडद्यासमोर बसली होती. मी उठून तिच्या मागं उभा राहिलो. रेघेवर मशीननं जागोजाग लाल पट्ट्या ओढल्या होत्या. सून सावकाश म्हणाली, "आबा, एकदाच्या झोपेवर पैज धरायला नको. काही ठिकाणी तुम्ही हललात, पट्टाही सैल होता."

मी तिला गप्प राहायला सांगितलं आणि रेघ बघितली. लहान टेकडी, मग मोठी, मग त्याहून मोठी. मग उतरत उतरत बारीक. मग सपाट. सपाट, सपाट, आणि पुन्हा लहान टेकडी. लाल पट्टी प्रत्येक सपाट जागेवर बरोबर बसली होती.

ज्यांनी माझ्याबरोबर काम केलंय त्यांना ठाऊक आहे. दोघं असलो आणि दुसरा खाली गेला, की मी काठावरून त्याचे बुडबुडे बघतो. बुडबुडा एकसारखा नसला तरी हरकत नाही, काम करताना होतं तसं. पण मोठा आला, मग लहान, मग बारीक, आणि मग पाणी नुसतंच राहिलं, की मी वाट बघत नाही. दोर ओढतो. वर आल्यावर तो शिव्या देतो, सापडलंच होतं म्हणतो. देऊ दे.

"पट्टा सैल नव्हता," मी म्हणालो. "अक्कांनी बांधलाय, मला फास बसल्यासारखा लागत होता. ही रेघ खरी आहे. असा माणूस खाली असता, तर मी ओढून वर घेतला असता."

सून माझ्याकडं वळली. म्हणाली, "आबा, मशीन फक्त बोट दाखवतं. काय आहे ते डॉक्टर सांगतील."

"बोट बरोबर जागी दाखवलंय. पैज तू जिंकलीस."

तिनं डोळे पुसले. मी म्हणालो, जिंकल्यावर रडणारी माणसं पुण्यातच असतील. मग हसली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटले, आणखी तपासण्या केल्या. त्यांनी सांगितलं, फुप्फुसं दणकट आहेत, पण हृदयाचं बळ कमी पडलंय, म्हणून झोपेत श्वासाचा हिशेब चुकतो. वेळेत कळलं, गोळ्यांनी आवरेल. मला विचारलं, चढताना दम लागतो का. सून बघत होती. मी म्हणालो, आठव्या मजल्यावर देखावा बघायला थांबलो नव्हतो, पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आता सगळ्या गावाला सांगतोय. डॉक्टर म्हणाले, बुडी बंद, श्वास कोंडणं बंद. विचारलं, पोहणं? म्हणाले, महिनाभर गोळ्या घेऊन बघू, मग डोकं वर ठेवून हळू पोहा.

आनेकल

परतायच्या आधी रविवारी सरोजाअक्कांच्या भावाच्या शेतावर गेलो, आनेकलला. शहर सुटलं, की नाचणीची कापलेली रानं, शेवंतीचे पट्टे आणि मध्येच कारखान्यांची पत्र्याची छपरं. भावाची विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची, पाणी हिरवं आणि काठोकाठ. आपल्याकडं एवढं पाणी बघून माणूस नमस्कार करील. भावाला माझ्याबद्दल कळलेलं होतं. त्यानं कानडीत विचारलं, उतरता का? मी म्हणालो, सोडलं. तोंडातून पहिल्यांदा निघालं तेव्हा शब्द जड गेला. मग सगळ्यात खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी गार होतं आणि पायाला मासे टोचत होते.

सून शेजारी येऊन बसली. मी विचारलं, "तुला पोहता येतं?"

"नाही."

"दिवसभर लोकांचा श्वास बघतेस आणि पाण्यात तुझाच टिकत नाही?"

तिला राग आला. तोच पाहिजे होता. अक्कांच्या भावजयीनं तिला जुना पंजाबी ड्रेस दिला, पाठीला एक रिकामा डबा बांधला, कमरेला दोर, आणि दोराचं टोक माझ्या हातात. दत्ता वरून म्हणाला, आबा, तिला बुडवू नका, मला स्वयंपाक येत नाही. ती पायरी सोडून पुढं गेली आणि लाकडासारखी ताठ झाली. गाल फुगवले, डोळे मिटले, श्वास कोंडला, आणि डबा असूनही खाली जायला लागली.

"धरू नको," मी ओरडलो. "सोड. तोंड वर कर आणि येईल तसा घे. मोजू नको."

दोनदा पाणी प्याली. तिसऱ्यांदा श्वास सोडला आणि अंग सैल झालं. पाठ पाण्याला टेकली. हात पसरून वर आभाळाकडं बघत तशीच तरंगत राहिली. तिची छाती आणि पोट बरोबर वर येत होतं, बरोबर खाली जात होतं, एक लांब, एक आखूड. मला पडदा लागला नाही. मी दोर थोडा सैल सोडला. मग आणखी थोडा.

तर मंडळी, निकाल हा असा आहे. यापुढं मी विहिरीत उतरणार नाही. कुणी आग्रह करू नये आणि कुणी कीवही करू नये. गोळ्या वेळेवर घेतो, झोप चांगली लागते, आणि सकाळी जाग येते तेव्हा डोकं हलकं असतं, तसं बरीच वर्षं नव्हतं. वस्तू पडली तर मला बोलवा, मी काठावर येऊन बसेन आणि उतरणाऱ्याकडं बघेन. ज्याला हा धंदा शिकायचा असेल त्यानं भेटावं, पण मी दोर ओढला की वर यायचं, वाद घालायचा नाही. पोरांना आणि पोरींना पोहायला शिकवणं उद्यापासून सुरू करतोय, सकाळी, मळ्यातल्या विहिरीवर, मी काठावर दोर धरून बसेन. पाठीला बांधायचा वाळका भोपळा ज्यानं त्यानं घरून आणावा.